लातूरवरचं विमान

"आपल्या गावात भोंगा वाजणार म्हणजे वाजणार. आणि तो मी वाजवणार. असा वाजवीन की लातूरला ऐकू जाईल," मडिवाळप्पानं जेवता जेवता जाहीर केलं.

"लातूर चाळीस मैल हाय," दानम्मा म्हणाली.

"वारा तिकडचा असला तर जाईल."

दानम्मानं वाऱ्याचा विचार केला नाही. आणखी एक भाकरी वाढली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. नवऱ्याच्या बोलण्यात लातूर आलं की पाठोपाठ शरणप्पा येतो, आणि शरणप्पा आला की भाकरी दोन जास्त लागतात.

शरणप्पा म्हणजे मडिवाळप्पाचा साडू, दानम्माच्या थोरल्या बहिणीचा, रत्नम्माचा नवरा. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, त्याची आडत होती. लग्नात सासऱ्यानं त्याला सायकल दिली होती. तीन वर्षांनी मडिवाळप्पाचं लग्न झालं तेव्हा त्याला मनगटी घड्याळ मिळालं. घड्याळ चांगलं होतं, पण त्याच्यावर बसून गावातून फिरता येत नव्हतं. तेव्हा जे पोटात दुखायला लागलं ते आजवर थांबलं नव्हतं. शरणप्पानं रेडिओ घेतला, मडिवाळप्पानं त्याहून मोठा घेतला. शरणप्पाकडे टेलिफोन आला, मडिवाळप्पानं अर्ज केला. अर्जाला चार वर्षं झाली होती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि चौथ्या दिवशी रत्नम्माचं इनलँड आलं.

'इकडे रोज सायंकाळी दिवे बंद करतात. भोंगा होतो. ह्यांना वॉर्डन केले आहे. लोखंडी टोप, शिट्टी व दंडाला पट्टा मिळाला आहे. ह्यांना विचारल्याशिवाय गल्लीत कोणी कंदील लावत नाही. तुमच्याकडे असे काही नसेल, तरी काळजी घ्यावी.'

मडिवाळप्पानं हे पत्र दुकानात उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं. पट्ट्यापर्यंत तो कसाबसा पोचायचा. शेवटच्या वाक्यावर त्याचं डोकं फिरायचं.

"तुमच्याकडं असं काही नसेल म्हणजे काय? आम्ही काय जंगलात राहून राहिलो का?"

दुकानात त्या वेळी अण्णाराव बसलेला होता. लातूर रोडवर, गावापासून मैलभरावर, त्याची पंधरा एकर जमीन होती आणि त्या जमिनीत साठ फूट खोल, ठणठणीत कोरडी विहीर होती. पावसानं सलग दुसऱ्या साली दगा दिला होता. शेतात काम नव्हतं, म्हणून अण्णाराव मडिवाळप्पाच्या कापड दुकानात बसायचा आणि हो म्हणायचा.

"हाव," अण्णाराव म्हणाला.

"लातूरचा म्हनं जिल्हा होणार. भिंती रंगवून ठेवल्यात. कमिटीत आमचे साडूबुवा. आणि शरणप्पा म्हणतो, शत्रूला बी कळलंय कोणतं गाव जिल्हा होणार ते, म्हणून विमान आमच्याकडं येणार."

"हाव."

"जिल्हा करायचाच तर अहमदपूरचा कामून करू नये?"

अख्ख्या तालुक्यात हे मत असलेला मडिवाळप्पा हा एकटाच माणूस होता. अण्णारावनं यावेळी हो म्हटलं नाही, पण ठाणातलं कापड बोटांनी चाचपून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तहसीलदारांकडे गेले. तहसीलदारांच्या टेबलावर खडी फोडायच्या कामांच्या याद्या होत्या, दारात टँकर मागायला आलेली चार गावं उभी होती.

"अहमदपूरला ब्लॅकआउटचा हुकूम नाही," तहसीलदार म्हणाले.

"हुकूम नसंल साहेब, पण गावाची तयारी हाय. भोंगा हाय आपल्याकडं."

भोंगा खरंच होता. कापूस नसल्यानं जिनिंग बंद पडलं होतं, आणि तिथला हातानं फिरवायचा भोंगा मडिवाळप्पानं आदल्या संध्याकाळीच आपल्या माडीवर आणून ठेवला होता.

तहसीलदारांनी दारातल्या चार गावांकडे बघितलं आणि यातून लवकर सुटायचा मार्ग काढला. "हे बघा, रविवारपर्यंत सांभाळा. दिवे झाकून घ्या, माझी ना नाही. पण भोंगा वाजवायचा तर विमान दिसलं पाहिजे, आणि दिसलं म्हणून तुमच्याशिवाय दोघांनी सही दिली पाहिजे. एकदा जरी उगाच वाजला तर भोंगा जप्त. सगळं नीट झालं तर सोमवारी या, वॉर्डनचा पट्टा देतो."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी पण देतो."

मडिवाळप्पा कचेरीच्या पायऱ्या उतरला तो दंड जरा बाजूला धरून, पट्टा आत्ताच बांधल्यासारखा.

काळ्या कापडाचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षं पाऊस नाही म्हणजे दोन वर्षं छत्र्या नाहीत. दुकानाच्या पोटमाळ्यावर शंभर-सव्वाशे काळ्या छत्र्या जशाच्या तशा पडून होत्या. मडिवाळप्पानं त्या बाजारपेठेत घरोघर वाटल्या. संध्याकाळी सहाला खिडकीत छत्री उघडून ठेवायची, दिव्यावर छत्री धरायची. त्या आठवड्यात अहमदपुरात जेवढ्या छत्र्या उघडल्या गेल्या तेवढ्या चांगल्या पावसाळ्यातही उघडल्या नसतील. एकीनंही थेंब बघितला नाही, ते सोडा.

बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा गाव अंधारात बुडालं. मडिवाळप्पानं माडीवर बसून लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लावली, डोळे उघडले, आणि त्याला विमान दिसलं.

नैऋत्येला, लातूर रोडच्या डोक्यावर, दोन-तीन बांबू उंचीला, पांढरा लख्ख दिवा. तो थरथरत होता. बराच वेळ टक लावून बघितलं की किंचित डावीकडे सरकायचा, परत उजवीकडे यायचा. अण्णारावला दाखवला. अण्णारावलाही सरकताना दिसला. मडिवाळप्पाचा हात भोंग्याच्या दांडीवर गेला.

"पण हे तर लातूरवर हाय," अण्णाराव म्हणाला.

मडिवाळप्पाचा हात तिथंच थांबला. त्यानं नीट बघितलं. सडक सरळ लातूरला जात होती आणि दिवा बरोब्बर सडकेच्या टोकावर होता. दीड तास विमान तिथंच घिरट्या घालत राहिलं, मग हळूहळू खाली गेलं आणि दिसेनासं झालं. अहमदपूरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"उतरलं वाटतं," अण्णाराव म्हणाला.

"उतरणारच. वॉर्डन हाय ना तिथं पट्टा बांधून," मडिवाळप्पा म्हणाला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. मडिवाळप्पाला लढाईची धास्ती होती, नाही असं नाही. बातम्यांच्या वेळी तो गिऱ्हाईक सोडून रेडिओला कान लावायचा. पण तीन दिवस विमान येतंय आणि तिन्ही दिवस शरणप्पाच्याच गावावर, हे त्याला जास्त झोंबत होतं. शत्रूला नकाशा वाचता येतो की नाही? तालुक्याचं ठिकाण आहे, धान्याचा मोंढा आहे, एस.टी. स्टँड आहे. एक चक्कर इकडं मारायला काय होतंय?

शनिवारी त्यानं दुसरी सही पक्की करायला म्हणून कन्याशाळेच्या शिवकांताबाईंना माडीवर बोलावलं. बाई विज्ञान शिकवायच्या. कमी बोलायच्या, आणि बोललं की ते फळ्यावर लिहिल्यासारखं वाटायचं. बाईंनी दिव्याकडे एक मिनिट बघितलं.

"हा शुक्र आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, पन्नास वर्षं मी शुक्र बघून राहिलो. एवढा कुठं असतोय?"

"पन्नास वर्षं तुम्ही दुकानात दिवा लावून बसलात. आता गावातले दिवे गेले, म्हणून एवढा दिसतोय."

"सरकतोय की पण."

"अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की डोळाच हलतो, ठिपका नाही. असं करा." बाईंनी छत्रीची काडी कठड्याच्या फटीत उभी खोवली, कठड्यावर थोड्या अंतरावर खूण करून तिथं डोळा लावला आणि मडिवाळप्पालाही लावायला सांगितला. "काडीच्या मागं दिसतो ना? दहा मिनिटांनी बघा. डावी-उजवी काही न करता सावकाश खाली गेलेला असेल, इतर चांदण्यांच्याच चालीनं. विमान असं चालत नाही."

दहा मिनिटांनी तो बाईंनी सांगितलं होतं तिथंच गेला होता. बाई नमस्कार करून घरी गेल्या.

मडिवाळप्पा मोठ्या पेचात पडला. तो शुक्र असला तर लातूरवर विमान येत नव्हतं, आणि शरणप्पा बिनकामाचा टोप घालून फिरत होता. ह्यात सुख होतं. पण शुक्र असला तर उद्याच्या रविवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भोंगा वाजवायला कारणच उरत नव्हतं. रात्रभर त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला. सकाळी त्याचं ठरलं. लातूरवर असतो तोपर्यंत तो शुक्र, आणि इकडं यायला लागला की विमान.

रविवारी दुपारच्या एस.टी.नं शरणप्पा आणि रत्नम्मा उतरले.

"म्हटलं बघून यावं, तुम्ही धास्तावला असाल," शरणप्पा म्हणाला. डोक्यावर लोखंडी टोप होता. दंडावर पट्टा होता. गळ्यात शिट्टी होती. एस.टी.त त्याला बसायला पुढची जागा मिळाली होती, हे रत्नम्मानं ओसरीत पाय टेकायच्या आत सांगितलं.

"टोप काढा की भावजी, चहा घेताना तरी," दानम्मा म्हणाली.

"नियम हाय. वॉर्डननं टोप काढायचा न्हाई."

"लातूर कुणावर सोडून आला?" मडिवाळप्पानं विचारलं.

"माझ्या हाताखाली दोघं हायत."

हाताखाली दोघं. मडिवाळप्पानं चहाची बशी खाली ठेवली. त्याच्या हाताखाली अण्णाराव होता.

आता इथं अण्णारावच्या विहिरीचं सांगायला पाहिजे. पाणी लागेना म्हणून तो महिनाभर ती खोल करत होता. खाली काळा पाषाण लागला होता. वडार गडी दिवसभर पहारीनं भोकं पाडायचे, दारू भरायचे, आणि दिवस मावळता, माणसं-जनावरं घराकडे वळल्यावर, गड्यांचा मुकादम काठावर उभा राहून तीनदा आरोळी ठोकायचा. मग सुरुंग उडायचे. भोंग्याची जबाबदारी आल्यावर मडिवाळप्पानं अण्णारावला दोन हुकूम दिले होते. एक, सुरुंग दुपारी उडवायचे. दोन, सहानंतर शिवारात कुणी आरडाओरडा करायचा नाही, कारण शत्रूला कळतं इथं वस्ती आहे. अण्णारावनं दोन्ही हुकूम मुकादमाला कळवले होते.

रविवारी पाषाण फार कडक निघाला. पाच भोकं पाडता पाडता दिवस कलला. दारू भरून झाली. भरलेला सुरुंग रात्रभर तसाच ठेवत नाहीत, चुकून जनावर गेलं, माणूस गेलं, तर कोण जबाबदार? मुकादमानं दोन्ही हुकूम आठवले. पहिला पाळणं आता हातात नव्हतं, म्हणून दुसरा त्यानं तंतोतंत पाळला. आरोळी न ठोकता त्यानं वाती पेटवल्या आणि गड्यांना घेऊन लांब जाऊन बसला.

इकडे माडीवर मडिवाळप्पा, शरणप्पा आणि अण्णाराव उभे होते. सहा वाजून गेले होते. दिवा लातूर रोडवर निघाला होता. त्या दिवशी पश्चिमेकडून पातळ ढगांची एक चादर येत होती, आणि ढग दिव्यावरून डावीकडे सरकत होते, त्यामुळे दिवा उजवीकडे पळाल्यासारखा वाटत होता.

"हलून राहिलंय," मडिवाळप्पा हळूच म्हणाला. "अण्णाराव, हलून राहिलंय की न्हाई?"

"हाव."

"इकडं येऊन राहिलंय."

शरणप्पा पुढं झाला. "कुठं इकडं? ते पल्याड आहे. तुमच्या गावात काय ठेवलंय त्याला यायला?"

"मोंढा हाय. स्टँड हाय."

"स्टँड!" शरणप्पा हसला, आणि ते हसू त्याच्या तोंडावर असतानाच आवाज झाला.

धडाम.

माडीच्या खिडकीतली छत्री थरथरली. धडाम, धडाम. मग चौथा.

महिनाभर अण्णारावनं आपल्या विहिरीचे सुरुंग ऐकले होते, पण काठावर उभं राहून, आरोळी ऐकून, कानात बोटं घालून. मैलभरावरून, अंधारात, डोळ्यांपुढं विमान असताना त्यानं ते कधी ऐकले नव्हते. त्याची स्वतःची विहीर त्याच्या डोक्यातच आली नाही, आणि मडिवाळप्पाच्या लेखी सुरुंग दुपारीच उडून गेले होते.

"पडला. बाँब पडला," अण्णाराव म्हणाला. बुधवारनंतर पहिल्यांदाच तो हाव सोडून काही बोलला, म्हणून त्याला मोठं वजन आलं.

मडिवाळप्पाच्या छातीत धडधडत होतं, आणि त्यातली निम्मी धडधड आनंदाची होती. आला. अहमदपूरला आला. साडूच्या डोळ्यांदेखत आला. त्यानं कोपरीच्या खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. "अण्णाराव, सही."

अण्णारावनं कठड्यावर कागद टेकवून सही केली.

"शरणप्पा, सही करा. अहमदपूरवर विमान बघितलं, एवढंच लिहिलंय."

"आरे बाँब पडून राहिले आणि सही कसली?"

"दोन साक्षीदार लागतात. साहेबांपुढं कबूल केलंय मी."

शरणप्पानं कागद वाचला. बाँबपेक्षा त्याला कागद जड जात होता. "लातूरहून अहमदपूरमार्गे जाताना बघितलं, असं लिहा. मग करतो."

"मार्गे काय मार्गे? अहमदपूरवर!"

धडाम, पाचवा सुरुंग उडाला. शरणप्पानं चटकन सही केली.

आणि मडिवाळप्पानं दांडी फिरवली. काय आवाज होता तो! आधी म्हशीसारखा घुमला, मग चढत गेला, वर जाऊन किंचाळला, खाली आला, परत वर. धोक्याचा भोंगा असा वर-खाली वाजवायचा असतो. त्यानं पाच दिवस मनातल्या मनात सराव केला होता. गाव हललं. पाच दिवस छत्र्या उघडून कंटाळलेली माणसं घराबाहेर पडली आणि ठरल्याप्रमाणे बारवेकडे पळाली.

बारव गावाच्या मधोमध होती, जुनी, दगडी पायऱ्यांची विहीर. पाणी नसल्यानं आसरा घ्यायला उत्तम, असं मडिवाळप्पानंच ठरवलं होतं. तळाशी मात्र एक झिरा होता. त्यातून वाटीवाटीनं पाणी निघायचं, आणि बायका नंबर लावून घागरी भरायच्या. त्या वेळी नंबर धुरपताबाईचा होता. तिला चार वाजल्यापासून बसून पाऊण घागर झाली होती. वरून दोन-तीनशे माणसं अंधारात पायऱ्या उतरू लागली.

"झिऱ्यात पाय घालू नका, मेल्यांनो," धुरपताबाई ओरडली. "इमान आलं तर येऊ द्या. माझी घागर भरल्याबगर मी हलायची न्हाई."

"मावशी, बाँब पडून राहिले वर."

"पडू द्या. इथं पडला तर पाणी तरी लागंल."

माडीवर दहा मिनिटं गेली. पुढं काही उडालं नाही. शरणप्पा म्हणाला, "आता धोका टळल्याचा भोंगा द्यायचा. सलग एक मिनिट, एका सुरात. मध्ये आवाज पडता कामा नये. सरका, तुम्हाला जमायचं न्हाई."

"माझा भोंगा हाय."

"माझा पट्टा हाय."

शरणप्पानं दांडी धरली. मडिवाळप्पानंही धरली. शरणप्पानं फिरवली, मडिवाळप्पानं ओढली. भोंगा चढला, पडला, चढला, पडला.

बारवेतली जी माणसं वर यायला निघाली होती ती अर्ध्या पायऱ्यांवर थबकली. वर-खाली, वर-खाली. दुसरं विमान. सगळे मागं वळून खाली पळाले. झिऱ्याभोवतीचा गाळ तुडवला गेला.

"सोडा म्हणतो ना!"

"तुम्ही सोडा, पाहुणे आहात!"

"वॉर्डन हाय मी!"

"लातूरचे! इथले न्हाई!"

एवढ्यात शरणप्पाचा टोप घसरून डोळ्यांवर आला आणि मडिवाळप्पाला दांडी मिळाली. अर्धं मिनिट त्यानं छान एकसुरात फिरवली. बारवेतून लोक वर येऊ लागले. मग शरणप्पानं टोप सावरला. वर-खाली, वर-खाली. तिसरं विमान. लोक परत खाली.

तिसऱ्या खेपेला धुरपताबाईची घागर कलंडली. अडीच तासांचं पाणी पायऱ्यांवरून वाहत गेलं. त्यानंतर बारवेतून जो आवाज निघाला त्यापुढं भोंगा काहीच नव्हता. पुढं धुरपताबाई, हातात रिकामी घागर, मागं सगळं गाव, असा मोर्चा मडिवाळप्पाच्या घराकडे निघाला. गर्दीत तहसीलदारही होते. त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत गाळ लागला होता, त्यामुळे ते कुठून आले हे कुणी विचारलं नाही.

"कुणी वाजवला?" तहसीलदारांनी खालून विचारलं.

माडीवर दोन्ही साडूंनी एकाच वेळी दांडी सोडली.

"दोन सह्या हायत साहेब," मडिवाळप्पा कागद फडकवत म्हणाला. "एक तर लातूरच्या वॉर्डनची हाय."

गर्दीच्या कडेला शिवकांताबाई उभ्या होत्या. त्यांनी तहसीलदारांना शांतपणे सांगितलं. "मी गच्चीवर होते. उजेड आकाशात नाही, जमिनीवर चमकला, लातूर रोडच्या अंगाला. उजेडानंतर आवाज यायला पाच सेकंद लागले, म्हणजे एक मैल. तिथं अण्णारावांची विहीर आहे."

सगळं गाव अण्णारावकडे वळलं. अण्णारावच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आपली विहीर आली.

"हाव," तो म्हणाला.

तहसीलदारांच्या दोन शिपायांनी तिथंच भोंगा उचलला. मडिवाळप्पा जिन्यात उभा राहून बघत होता. दांडी जिन्याच्या कोपऱ्यात अडकली तेव्हा त्यानंच ती सोडवून दिली. दानम्मानं घरातली भरलेली घागर धुरपताबाईला नेऊन दिली, आणि कितीतरी वेळ तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली.

मग सगळे जेवायला बसले. दिव्यावरची छत्री दानम्मानं काढून ठेवली होती. शरणप्पानं टोप काढला होता. त्याखाली कपाळावर लाल वळ उठला होता आणि त्यात विभूती पसरून गेली होती.

"एक सांगू का, मडिवाळप्पा," तो ताटाकडे बघत म्हणाला. "लातूरला बी रोज दिसतंय ते."

"दिसणारच. तुमच्या डोक्यावरच असतंय."

"कुठलं डोक्यावर? आमच्याकडून बघितलं तर सोलापूरवर असतंय. रोज सोलापूरवर. आठ दिवस मी टोप घालून बघून राहिलो, एकदा तरी इकडं वळंल. न्हाई वळलं. सोलापूरला गिरण्या हायत ना. आमच्याकडं काय हाय? नुसता जिल्हा होणार, होणार." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "इथं बी मला तसंच दिसलं. लातूरवर. इतकं बरं वाटलं होतं. आणि तुम्ही सही करायला लावली, अहमदपूरवर म्हणून."

मडिवाळप्पानं साडूकडे बघितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला शरणप्पाच्या सायकलचा विसर पडला. त्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात तूप वाढलं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं पाहुणे गेले. गुरुवारी लढाई संपली. छत्र्या परत पोटमाळ्यावर गेल्या, खिडक्यांत दिवे आले, आणि लातूर रोडवरचा तो दिवा कुणी बघेनासं झालं. मडिवाळप्पानं काही दिवस दुकानात मान वर केली नाही. बाजारात लोक त्याला पाहून मुद्दाम आभाळाकडे बघायचे. आठवडाभरात तेही थांबलं. पुढं शिवकांताबाई कापड घ्यायला आल्या तेव्हा त्यानं शुक्राचं कबूल केलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. तो इतका लांब आहे की त्याच दिशेचं कुठलंही गाव घ्या, तो त्या गावावरच दिसणार.

मग एक दिवस अण्णाराव पोस्टकार्ड घेऊन आला. त्याची लेक लातूरच्या उलट्या अंगाला, हदगावला दिलेली, आणि आपल्या गावात भोंगा आल्याचं त्यानं लढाईच्या दिवसांत मोठ्या हौसेनं व्याह्यांना, शेषेरावांना, कळवलं होतं. त्याचं हे उत्तर होतं.

'पत्र पावले. आम्ही सर्व जण रोज सायंकाळी घरावर चढून आपल्या बाजूस पाहतो. विमान दररोज अहमदपूरवर दीड तास असते. डोळ्यांनी पाहिले. आपले गाव मोठे, त्यामुळे हे व्हायचेच. हदगावकडे कोणी फिरकत नाही. काळजी घ्यावी.'

मडिवाळप्पानं ते उभं राहून वाचलं. मग बसून वाचलं. दुकान अर्धवट उघडं टाकून तो घरात गेला आणि दानम्मासमोर कार्ड धरलं. तिनं ओठ हलवत सावकाश वाचलं. 'आपले गाव मोठे' इथं ती थांबली, आणि तेवढं परत वाचलं.

"फाडू नका," ती म्हणाली. "मी अक्काला पत्र लिहिणार हाय. पाकिटात घालते."

मडिवाळप्पानं कान खाजवला. "पण तो शुक्र हाय ना. बाईंनी सांगितलंय. मी कबूल बी केलंय."

"असू द्या की शुक्र," दानम्मा पाकीट शोधत म्हणाली. "आपल्यावर हाय ना?"